उलट्या रिंगमधला बास्केट

वर्षाली चाफले आमच्या मागच्या गल्लीत राहते. बाप रूपराव, केळझरच्या रस्त्याला शेत आणि सेलूच्या बाजारात भाजीचा ओटा. पोरगी सहा फुटांना दोन बोटं कमी. शाळेत तिला विजेचा खांब म्हणत, आणि गल्लीतल्या बायका तिच्या आईला, विमलाबाईला, विचारत, "हिच्यासाठी नवरा कुठून आणसान वो?" असल्या प्रश्नांसाठी मला वेळ नसतो. विमलाबाईला होता, ती रडत बसायची. मग शाळेतल्या खेळाच्या मास्तरांनी पोरीच्या हातात बास्केटबॉल दिला आणि उंचीचं रडगाणं निदान संध्याकाळपुरतं थांबलं.

शाळेच्या मैदानाबद्दल आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिथून आलं. मैदानाला खांब दोन, रिंग एकच. रस्त्याकडच्या खांबावर रिंग आहे. पिंपळाकडच्या खांबाची फळी केव्हाच कुजून पडली. आता गणपतीत त्यावर भोंगा बांधतात, एरवी तो नुसता उभा. म्हणून सेलूच्या पोरी अर्ध्याच मैदानावर खेळतात. संघ कुठलाही असो, टाकायचं त्याच एका रिंगमध्ये. बॉल हातात आला की रस्त्याकडे तोंड करायचं, ही सवय वर्षालीच्या अंगात भिनली.

वर्ध्याला कॉलेजात गेल्यावर तिला दोन रिंगांवर खेळावं लागलं. खऱ्या मॅचमध्ये मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात. तोवर ज्या रिंगमध्ये टाकत होतो ती राखायची आणि जी राखत होतो तिच्यात टाकायचं. वर्षाली शिकली, चांगली खेळू लागली. पण मध्यंतरानंतर बाकावरून उठून एकदम मैदानात उतरायचं म्हटलं की तिचा गोंधळ व्हायचा. त्यावर तिने आपला एक उपाय काढला होता. सेलूचीच आकांक्षा तिच्या संघात होती. उतरण्याआधी वर्षाली हळूच विचारायची, "कोनती?" आणि आकांक्षा हनुवटीने रिंग दाखवायची. एवढ्यावर दोघी कॉलेजातून विद्यापीठाच्या संघापर्यंत पोचल्या. त्यापुढे देशभरातल्या विद्यापीठांतून निवडलेल्या मुलींच्या संघात मात्र एकटी वर्षालीच गेली.

संघ परदेशी स्पर्धेला निघाला तेव्हा गावाने निघण्याआधीच तिचा सत्कार केला. सत्कार म्हटला की आमच्याकडे भैयाजी आले. त्यांचं सिमेंट-लोखंडाचं दुकान आहे. कुणाचाही सत्कार असो, शाल-श्रीफळ भैयाजींचं आणि फ्लेक्सवर फोटोही भैयाजींचा, तोही सत्कारमूर्तीच्या फोटोपेक्षा मोठा. जिंकून येण्याआधी कसला सत्कार, असं मी विचारलं. ते म्हणाले, "सुलोचनाबाई, आल्यावर दुसरा करू ना. त्यात काय आहे?"

संघ सगळ्या मॅच हरला. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या पोरी वर्षानुवर्षं त्याच कामाला जुंपलेल्या. वर्षाली बहुतेक वेळ बाकावरच होती. शेवटच्या मॅचला, मध्यंतरानंतर, प्रशिक्षकांनी तिला उठ म्हटलं. शेजारी केरळची एक मुलगी बसली होती. "कोनती?" हा शब्द वर्षालीच्या ओठांवर आला आणि तिने तो गिळला. देशाचं नाव छातीवर, आणि आपण विचारायचं की कुठल्या रिंगमध्ये टाकू? तिला लाज वाटली. ती उतरली, बॉल हाती आला, समोर मोकळी रिंग दिसली, आणि तिने सुरेख उडी मारून बॉल आत टाकला. आपल्याच रिंगमध्ये. गुण समोरच्यांना गेले. स्पर्धेभरात तिच्या हातून पडलेला तो एकच बास्केट.

इकडे तिच्या मामेभावाने मोबाईलवर ती मॅच पाहिली. त्याला खेळातलं शून्य कळतं. त्याने नेमका तेवढाच तुकडा कापून रूपरावला पाठवला. रूपरावला त्याच्याहून कमी कळतं. दोन दिवसांत तो तुकडा अख्ख्या सेलूत फिरला. रूपराव ओट्यावर मेथी घेणाऱ्याला व्हिडिओ दाखवायचा, न घेणाऱ्याला थांबवून दाखवायचा. नातेवाइकांतलं एकही घर सोडलं नाही.

वर्षाली परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे आली. खुर्चीवर बसेना. दाराच्या चौकटीला टेकून तिने हे सगळं सांगितलं, रिंगचं, केरळच्या मुलीचं, गिळलेल्या शब्दाचं.

"आजी, तुमी बाबाले सांगा ना, कार्यक्रम नोको म्हना."

"बाप तुझा, तू सांग."

"दोनदा सांगाले गेली. आयकूनच नाई घेत. म्हन्ते, नजर लागन, जास्त बोलू नोको."

"मग ओरडून सांग."

"आजी, त्याइनं रोहण्याच्या आत्याले पाठवला, ताईच्या सासरी पाठवला. आता काय तोंडानं ओरडू?"

आपल्या चुकीपेक्षा बापाच्या आनंदाची तिला जास्त लाज वाटत होती. भैयाजींच्या दुसऱ्या सत्काराचा कार्यक्रम त्याच संध्याकाळी होता. तोवर बोलली तर बोलली, नाहीतर ती शाल आयुष्यभर अंगावर राहणार, हे तिलाही कळत होतं. मी चहा दिला, तो तिने तसाच ठेवला.

कार्यक्रम शाळेच्या मैदानावरच. भैयाजींनी वर्ध्याहून मोठा पडदा आणवला होता आणि तो नेमका बिनरिंगच्या खांबाला टेकवून उभा केला होता. शाल झाली, श्रीफळ झालं. मग पडद्यावर तो तुकडा लागला. वर्षाली उडी मारते, बॉल आत जातो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भैयाजी माईकवर म्हणाले, "पाहा, पाहा, समोरच्या टीमच्या पोरी बी टाळ्या वाजवून राह्यल्या. याले म्हन्तात खेळ. आन ही आपली पोरगी पाहा, आनंदानं डोक्याले हात लावून राह्यली." ती डोक्याला हात लावणारी मुलगी म्हणजे केरळची, आणि आनंदाचा तिथे काही संबंध नव्हता. भैयाजींनी तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा.

पुढच्या रांगेत रूपराव बसला होता, धुतलेलं धोतर, टोपी मांडीवर. दर वेळी बॉल आत गेला की मागे वळून लोकांकडे पाहायचा. त्याच्या मागच्या रांगेत शाळेच्या बास्केटबॉलच्या पोरी होत्या, त्यांच्यासोबत आकांक्षाही होती. अख्ख्या मैदानात टाळी न वाजवणारी तेवढी एकच रांग होती. खेळ कळणाऱ्या सगळ्याजणी आपापल्या चपलांकडे पाहत होत्या. वर्षालीला स्टेजवरून ती रांग सरळ दिसत होती.

दोन शब्द बोलायला तिला उठवलं तेव्हा ती आधी आकांक्षाकडेच पाहत उभी राहिली. मग म्हणाली, "तो बास्केट आपला नाई. मी आपल्याच रिंगमध्ये टाकला. त्याचे गुन त्याइले भेटले."

भैयाजींनी लगेच माईक ओढला. "पाहा, केवढी नम्रता." लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या.

वर्षालीने माईक परत घेतला. आता तिचा आवाज चढला होता, रडण्याच्या अलीकडचा. "नम्रता नोहे, भैयाजी. अर्धी मॅच झाली का बाजू बदलते. मले समजलं नाई कोनती रिंग आपली. विचाराची लाज वाटली, म्हनून विचारलं नाई. त्या पोरी मले हासून राह्यल्या, म्हनून टाळ्या वाजवून राह्यल्या." मग खांद्यावरची शाल काढून तिने खुर्चीच्या पाठीवर ठेवली. नारळ कुठे ठेवावा ते तिला कळेना, तो हातातच राहिला.

टाळ्या थांबल्या. मागून कुणीतरी खुसकन हसलं. पडदा चालवणाऱ्याला काही समजलं नव्हतं. त्याने तुकडा पुन्हा लावला. वर्षाली पुन्हा उडी मारते, बॉल पुन्हा आत. या वेळी सगळे गप्प बसून पाहत होते, आणि ते टाळ्यांपेक्षा वाईट होतं. रूपराव उठला. मागे वळला नाही. "बंद कर बे ते," एवढं म्हणाला, टोपी हातात धरूनच स्टेजपाशी गेला, पोरीच्या हातातला नारळ घेतला, आणि दोघं रस्त्याकडच्या फाटकाने निघून गेले. भैयाजींनी आभार मानून घेतले. कुणाचे ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्यानंतर रूपराव दोन आठवडी बाजार ओट्यावर बसला नाही, विमलाबाई बसली. पोरगी घराबाहेर पडेना. गल्लीतली माणसं दारावरून जाताना जरा मोठ्याने भलत्याच विषयांवर बोलायची. असल्या समजूतदारपणाचा मला राग येतो. मी सरळ त्यांच्या अंगणात जाऊन बसले.

मी बसले असतानाच रूपराव पोरीला म्हणाला, "बाजू कायले बदलतात?"

"दोघाइले सारखं पडावं म्हनून. ऊन, वारा."

"ती मॅच तर छपराखाली होती."

"तरी बदलतात, बाबा."

 मग त्याने विचारलं, "आन त्या केरळच्या पोरीले तू विचारलं काऊन नाई?"

"लाज वाटली."

"एका शब्दाची?"

"तुमी दोन बाजार झाले घरात बसले," वर्षाली म्हणाली. "तुमाले काय वाटून राह्यलं मंग?"

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. खिशातून मोबाईल काढला आणि रोहण्याला दिलेल्या बहिणीला लावला. आधी तिच्या शेतातल्या पऱ्हाटीची, कापसाची, चौकशी केली, मग तिच्या गुडघ्याची. मग म्हणाला, "बाई, तो व्हिडिओ पाठवला होता ना वर्षालीचा, तो उलटा हाय. नाई वो, मोबाईल उलटा नाई. बास्केट उलटा. आपल्याच रिंगमध्ये गेला. अर्धी मॅच झाली का बाजू बदलते, मालूम हाय का तुले?" बहिणीला मालूम नव्हतं. त्याने सगळं समजावलं, दोन रिंगा, मध्यंतर, छप्पर. पलीकडून ती काय म्हणाली ते आम्हाला ऐकू आलं, कारण ती फोनवर ओरडूनच बोलते: "पन आत तं गेला ना?"

"गेला," रूपराव म्हणाला. "आत गेला. पन तो सांगाचा नोहे."

तसे त्याने एकामागून एक फोन लावले. ज्याला ज्याला पाठवला होता, त्याला त्याला. दर वेळी आवाज थोडा खाली जायचा, आणि बाजू बदलण्याचं मात्र तो दर वेळी जास्त नीट सांगत गेला. वर्षाली भिंतीला टेकून ऐकत होती. एकदा त्याचं चुकलं, तिने तिथल्या तिथे दुरुस्त केलं.

शेवटी थोरल्या लेकीचं सासर उरलं, वडनेरचे व्याही. रूपरावने नंबर काढला, लावला नाही. उठून आत गेला. बाहेर आला तेव्हा डोक्यावर टोपी होती. अंगणात ताठ उभा राहिला, आणि मग फोन लावला.