आजोबांच्या गोष्टींचा फोल्डर

तुमच्या आजोबांचा आवाज आमच्या कॉम्प्युटरवरून नाहीसा झाला, तो मंगळवार होता. त्या आठवड्यात तुम्ही फोन केलात तेव्हा मी हवापाण्याचंच बोलले. आता सांगायला हरकत नाही, म्हणून झालं तसं लिहिते.

कंपवाताने त्यांचे हात थरथरतात हे तुम्ही पाहिलं आहे. त्याच दुखण्याने आवाजही बसत जातो, हे आम्हाला उशिरा कळलं. नाशिकरोडच्या डॉक्टरांनी ते सांगितलं त्याच आठवड्यात मी फोन समोर ठेवून आजोबांना तुमच्यासाठी गोष्टी सांगायला लावल्या. येवल्याला वडिलांच्या हातमागाखाली बसून ते अभ्यास करायचे ती गोष्ट. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीच्या पहिल्या दिवशी चिमणीचं टोक बघता बघता टोपी पडली आणि साहेबाने ती उचलून दिली, ती गोष्ट. तेव्हा आवाज अजून त्यांचा होता. वर्षभरात तो इतका उतरला की बैठकीतून मारलेली हाक स्वयंपाकघरात पोचेना. मध्ये माझा फोन भरला, म्हणून मी सगळी रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर घेतली आणि फोनवरची पुसून टाकली. दुसरी प्रत नव्हती. तुमचा बाबा म्हणाला होता, इंटरनेटवर ठेव. मी म्हटलं, घरातलं बोलणं घरात राहू दे.

त्या जुन्या कॉम्प्युटरवर तुमच्या बाबाने मागच्या खेपेला नवी सिस्टिम टाकून दिली. तो परत गेल्यावर मी फाइल मॅनेजर उघडला आणि प्रेफरन्सेसची खिडकी ओळीने वाचून काढली. कॉन्व्हेंटात शिकले, त्यामुळे इंग्रजीचा कंटाळा नाही, आणि वाचल्याशिवाय कुठे टिक करायची नाही हा माझा स्वभाव. मोठाली चित्रं नकोत, साधी यादी हवी. यादी नावाच्या क्रमाने. फोल्डर वर, सुट्या फाइली खाली. आजोबांना दोनदा पटकन क्लिक करणं जमत नव्हतं. पहिल्या आणि दुसऱ्या क्लिकच्या मध्येच हात भलतीकडे जायचा. म्हणून एकाच क्लिकवर उघडेल असं करून दिलं. त्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन स्वतःची गोष्ट लावली आणि मला म्हणाले, “बघ, अजून कामावर घेतील मला.”

आणखी दोन टिका मी काढल्या. लपवलेल्या फाइली दाखवायची सोय तुमच्या बाबाने चालू ठेवली होती. त्यामुळे ठिपक्याने सुरू होणारी, सिस्टिमच्या कामाची कसली कसली फिकट नावं यादीत गर्दी करत. ती नजरेआड केली. आणि कचरापेटी रिकामी करण्याआधी कॉम्प्युटर दर वेळी “नक्की ना?” असं विचारायचा, तेही बंद केलं. सकाळी घंटागाडी आली की खाली जाऊन ओला-सुका कचरा द्यायचा आणि वर येऊन कॉम्प्युटरचा कचराही काढायचा, हा माझा नेम. रोजच्या कामाला रोज काय परवानगी द्यायची?

मंगळवारी घंटागाडी गेली. मी वर आले, पेटी रिकामी केली आणि मग गोष्टींचा फोल्डर उघडायला गेले. यादीत आधार होतं, अंबडच्या गाळ्याचे कागद होते, बँक होती, इलेक्ट्रिसिटी होती. त्याखाली एकदम इन्शुरन्स. या दोहोंच्या मध्ये इंग्रजी अक्षरांत लिहिलेला ‘गोष्टी’ असायचा. तो नव्हता.

यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. एकेक फोल्डर उघडून बघितला, चुकून आत पडला असेल म्हणून. शोधायच्या चौकटीत नाव लिहिलं. काही नाही. शेवटी कचरापेटी उघडली. ती मी नुकतीच रिकामी केली होती, आणि आत काय आहे ते बघितलं नव्हतं.

“अहो, गोष्टींचा फोल्डर हलवलात का तुम्ही?”

ते पेपर वाचत होते. पेपर खाली आला नाही. “नाही.”

“काल संध्याकाळी तुम्ही बसला होतात ना इथे?”

“बसलो होतो. आता बसायचंही नाही का?”

“मी फक्त विचारलं.”

“रोज झाडलोट तू करतेस त्याची,” ते म्हणाले. “केरात गेला असेल.”

इतक्या हळू आवाजात बोलले की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. मीही तेच म्हणत होते मनात.

तुमच्याकडे तेव्हा रात्र. बाबाला उठवलं असतं तर तो घाबरला असता, आणि इतक्या लांबून करणार काय? मी फोनवर वाचत बसले. पुसलेली फाइल लगेच जात नाही, तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की मग जाते. म्हणून त्या मशीनवर काही नवं करू नका, असं सगळीकडे लिहिलेलं. ते वाचल्यावर मी माउसवरचा हात काढला. कॉम्प्युटर बंद करू की चालू ठेवू, तेही ठरेना. बंद करतानाही तो काहीतरी लिहीत असेल. शेवटी चालूच ठेवला आणि कीबोर्डवर धुतलेलं फडकं पसरलं, चुकून कुणाचा हात लागू नये म्हणून. घरात आम्ही दोघंच. म्हणजे ते फडकं कुणासाठी होतं, हे त्यांना कळलं असणार.

दुपारी जेवायला बसलो. त्यांनी आमटीची वाटी उचलली, ती हिंदकळली, त्यांनी परत ठेवली. मी पुसायला उठले तर म्हणाले, “राहू दे. बस जरा.”

मी बसले.

“काल मी त्याचं नाव बदललं.”

“कशाचं?”

“गोष्टींचं. तुझ्या त्या यादीत तो मध्येच अडकतो. बँक, वीजबिल, हे सगळं ओलांडून तिथे जायचं. मला तो सगळ्यात वर हवा होता.”

“मग काय नाव दिलंत?”

“नाव तेच. फक्त त्याच्या आधी ठिपका दिला.”

“ठिपका कशाला?”

“एकलहऱ्याला रोज लागणाऱ्या फायलीच्या पाठीवर आम्ही लाल ठिपका लावायचो. ती कपाटात कायम पुढे. आणि खुणा अक्षरांच्या आधी येतात हे तूच शिकवलंस मला.” पाण्याचा पेला त्यांनी दोन्ही हातांनी धरला. “बराच वेळ लागला. ठिपका बरोबर जागी पडेना. मग एन्टर दाबलं आणि गेला.”

“गेला म्हणजे?”

“होता तिथून गेला. हात हलला असेल, दुसरंच काही दाबलं गेलं असेल. मला वाटलं तुझ्या त्या पेटीत पडला. तू झोपल्यावर काढू म्हटलं, पण पेटी कुठून उघडते ते सापडेना.”

“मग मला सांगायचं ना कालच.”

“सांगितलं असतं तर माउस काढून घेतला असतास.”

कीबोर्डवरचं फडकं दोघांनाही जेवणाच्या टेबलावरून दिसत होतं.

ताटं तशीच ठेवून मी हात धुतले. ठिपका मनातून जाईना. मी नजरेआड केलेली ती सगळी फिकट नावं ठिपक्यानेच सुरू होत होती. ठिपका असलेलं नाव ही सिस्टिम लपवतच असेल तर? तसं असेल तर फोल्डर पेटीत गेलाच नव्हता. पण ते बघायला प्रेफरन्सेसमध्ये टिक करायला हवी होती, आणि टिक करणं म्हणजे मशीनवर काहीतरी लिहिणंच. माझा अंदाज चुकला आणि गोष्टी खरोखर पुसल्या गेल्या असतील, तर नेमकी त्याच जागेवर ती टिक लिहिली जाईल, ही भीती.

ते येऊन माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. खुर्ची त्यांच्या हाताबरोबर हलत होती.

“संध्याकाळी बाबाला विचारून करू या का?” मी म्हटलं.

“संध्याकाळपर्यंत मला धीर नाही. कर.”

“चुकलं तर?”

“तर मी पुन्हा बोलेन सगळं.”

हे त्यांनी ज्या आवाजात म्हटलं, तो आवाज मला तुमच्यापर्यंत पोचवायचा नव्हता. मी टिक केली.

यादी खाली सरकली. वर फिकट नावांची रांग आली. त्या रांगेत, ठिपका पुढे घेऊन, ‘गोष्टी’. त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. बोट नावावर थांबेना. मी क्लिक केलं. सगळ्या गोष्टी आत होत्या.

पहिली लावली. खोलीत तो आवाज इतका मोठा झाला की मी दचकले आणि कमी करायला गेले.

“राहू दे,” ते म्हणाले. चिमणीची गोष्ट संपेपर्यंत ते उभेच होते. मग म्हणाले, “केवढ्याने बोलायचो गं मी. शेजारच्यांना नोकरीचा सगळा इतिहास पाठ असेल.”

“पाठ आहेच. त्यांनी तक्रार केली नाही इतकंच.”

त्यावर ते हसले. हसणं फारसं ऐकू आलं नाही, पण खुर्ची हलली.

त्याच दुपारी मी सगळ्या गोष्टी तुमच्या बाबाकडे पाठवल्या. एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली. कचरापेटीला पुन्हा विचारायला लावलं आहे, आणि आता ती विचारते तेव्हा मी आत बघते. फिकट नावांची गर्दी यादीत परत आली आहे आणि ती मला अजिबात आवडत नाही, पण आजोबांचा फोल्डर वरच्या भागात, त्यांच्या ठिपक्यासकट आहे. ठिपक्याऐवजी आकडा घालू का, असं मी विचारलं होतं. नाही म्हणाले.

चहा झाल्यावर त्यांनी माझा फोन मागितला. मी म्हटलं, आज दमलात, उद्या करू. उद्या आवाज आणखी कमी असेल, असं ते अगदी साधेपणाने म्हणाले, जसं दूध संपलंय म्हणावं. मी पंखा बंद केला, खिडकी लावून घेतली, आणि फोन त्यांच्या ओठांजवळ धरून बसले.

हे रेकॉर्डिंग तुम्हाला वेगळं पाठवते आहे. आवाज पूर्ण वाढवून ऐका. सुरुवातीला थोडा वेळ काही ऐकू येणार नाही. ते तेव्हा श्वास घेत आहेत.