मरळीसाठी हिंगाची कणीक

आमच्या घराण्यात आजवर कोणी मासा खाल्लेला नाही. पण मरळीला काय आवडतं, या विषयावर औशात त्या वर्षी माझ्याइतकं डोकं कोणी शिणवलं नसेल. निजामाच्या राज्याचे अखेरचे दिवस होते, पण ते अखेरचे आहेत हे कचेरीत बसून आम्हाला कळत नव्हतं. मी तहसील कचेरीत पेशकार होतो. तहसीलदार साहेबांपुढं खटल्यांच्या उर्दू मिसली वाचायच्या, त्यांचा हुकूम उतरून घ्यायचा आणि ते रागावले की आपलंच चुकलं असं तोंड करायचं, हे माझं काम. त्यातलं तिसरं मला सगळ्यात चांगलं जमायचं.

बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी, नांदेडला गेली होती. मुलगी झाल्याचं मेहुण्याचं कार्ड आलं आणि मी कचेरीभर पेढे वाटले. पाठोपाठ दुसरं कार्ड आलं. ताईला अन्न जात नाही, ती कोणाशी बोलत नाही, नुसती आढ्याकडं बघत पडून असते, म्हणून बारसं पुढं ढकललंय, तुम्ही निघून या. माझी बायको म्हणजे तोंडाचा पट्टा. झोपेतसुद्धा ती भाजीवालीशी भांडायची. ती गप्प बसली म्हणजे दुखणं साधं नव्हतं.

मी त्याच दिवशी रुखसतीचा, म्हणजे रजेचा, अर्ज साहेबांपुढं ठेवला. साहेब हैदराबादचे, पन्नाशीचे, कायम अत्तर लावलेले. त्यांनी अर्ज वाचला.

"खाना नै खाती?"

"नाही, साहेब."

"बात भी नै करती?"

"नाही, साहेब."

साहेबांनी दाढी कुरवाळली. मग म्हणाले, "पेशकार साब, यहाँ के तालाब में मरळ मिलती क्या जी?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी बायको तिकडं अंथरुणाला खिळलीय आणि या गृहस्थाला मासे सुचतायत! पण नोकरी होती. मी म्हणालो, "मिळत असेल, साहेब."

"तो पहले मरळ. बाद में रुखसत." आणि त्यांनी माझा अर्ज घडी घालून शेरवानीच्या खिशात टाकला.

आठवडाभरात हैदराबादहून साहेबांच्या साल्याची विलायती गळकाठी आली. चामड्याच्या लांब पिशवीत वेताचे गुळगुळीत तीन तुकडे, एकात एक बसवायचे. खाली पितळी चरखी, तिच्यावर दोरा गुंडाळलेला. शिवाय एक डबी, तिच्यात रंगीत पिसं बांधलेले गळ. मला ते कर्णफुलांसारखे वाटले. मासा ते किडे समजून गिळतो म्हणे. औशाची मरळ असल्या थाटाला भुलेल असं मला वाटेना.

आमच्या चपराशालाही वाटेना. त्यानं जन्मात मासा धरलेला नव्हता, पण अंगावर लाल पट्टा असल्यामुळं त्याला सगळ्यातलं कळायचं. "साहेब, ह्या काडीनं मुंगी बी घावायची न्हाई. वेळू पाहिजे. धुरावर शेकलेला, करडीचं तेल पाजलेला." साहेबांनी मान हलवली आणि चपराशानं वेळू आणला. तो एवढा लांब, की कचेरीच्या दारातून वळेना. शेवटी खिडकीतून आत घेतला आणि तिथंच अडकला. दोन दिवस पक्षकार त्याच्याखालून वाकून येत होते आणि साहेबांना वाटत होतं, या तालुक्यात अदब फार आहे.

दोरा आणि गळ घ्यायला मी बाजारात गेलो. दुकानदार लिंगायत, गळ्यात लिंग, कपाळावर भस्म. गळ त्याच्याकडं होते, पण एका तपकिरीच्या डबीत, गुळापासून लांब. त्यानं डबी काठीनं माझ्याकडं सरकवली.

"घ्या तुमीच निवडून. आपण हात लावीत न्हाई."

हात लावत नसला तरी मतं भरपूर होती. "दोरा रेशमाचा घ्या. मांजा नगं. माशाचं तोंड कापतंय, पाप लागतंय."

"आणि गळ तोंडात घुसतो, त्याचं पाप?"

"त्ये तुमाला."

दोरा झाला, गळ झाला, दोऱ्याला बांधायचं शिसं झालं, वर तरंगायला ज्वारीच्या धाटाचा तुकडा ठरला. राहिलं आमिष. चपराशी म्हणाला होता, बेडूक लावा. पण बेडूक गळात ओवायचा कोणी? माझ्यानं तर नुसतं ऐकवेना. तेव्हा दुकानाच्या पायरीवर बसून आम्ही दोन शाकाहारी माणसं मरळीचा स्वयंपाक ठरवू लागलो.

"पुरण द्या," दुकानदार म्हणाला. "पुरणाला कोण न्हाई म्हनतंय?"

"पाण्यात विरघळेल."

"मग कणीक. गूळ घाला. मेथी घाला. अन् हिंग घाला, वास लांब जातोय."

"हिंगानं तिचं पोट बिघडलं तर?"

दुकानदारानं यावर खरोखर विचार केला. "मेथी हाय की. मेथीनं बरं वाटंल."

कचेरीला शुक्रवारची सुट्टी असे. नमाज झाली की साहेब, मी आणि चपराशी गावाबाहेरच्या तळ्यावर जायचो. पहिल्या शुक्रवारी माझी कणीक पाण्यात गळ पोचायच्या आत विरघळली. दुसऱ्या शुक्रवारी मी ती पुऱ्यांसारखी घट्ट मळली, तर तिच्या वजनानं धाटाचा तुकडाच बुडाला. आम्हाला वाटलं मरळ लागली. तिघांनी मिळून ओढली आणि कणकीचा गोळा साहेबांच्या रुमी टोपीवर येऊन बसला. तिसऱ्या खेपेला मी कणकीत कापूस मिसळला, मग ती गळावर टिकू लागली. कचेरीत एवढ्या निष्ठेनं मी कधी काम केलं नव्हतं.

काठावरचे नियम चपराशानं ठरवले होते. लाल रंग दिसला की मासा पळतो, म्हणून त्यानं स्वतःचा पट्टा काढून ठेवला. पट्ट्याशिवाय त्याला गावात कोणी ओळखेना, याचं त्याला फार वाईट वाटायचं. पांढरं दिसलं तरी मासा पळतो, म्हणून माझ्या धोतरावर भर उन्हात काळं घोंगडं. साहेब खुर्चीवर, शेजारी छत्री, नाकाला अत्तराचा रुमाल. ही त्यांची नजाकत असेल, असं मी धरून चाललो होतो. विलायती काठी त्यांच्या हातात. ते ती झोकात मागं नेऊन फेकायचे. पहिल्या फेकीत चपराशाचा फेटा गेला, दुसरी फेक बाभळीत अडकली. तिसऱ्या फेकीच्या वेळी आम्ही दोघं पालथे पडून राहिलो.

मरळ तळ्यात होती, यात शंका नव्हती. हा मासा मधूनमधून हवेचा घोट घ्यायला वर येतो. काळं डोकं पाण्याबाहेर काढून ती एकदा आमच्याकडं बघायची आणि खाली जायची. आमची चौकशी करायलाच ती वर येते, असं मला वाटायचं.

एकदा चपराशी वैतागून म्हणाला, "साहेब, कशाला बसून राहिले उन्हात? हुकूम करा, भोई पाटीभर मरळी आनून टाकतील."

"नक्को," साहेब म्हणाले. "हुकूम की मछली में असर नै रहता."

कसला असर, ते मी विचारलं नाही. मनातल्या मनात मी त्यांना भलभलतं बोलत होतो. नांदेडहून तिसरं कार्ड आलं होतं. त्यात 'अजून तसंच आहे' एवढंच होतं. रात्री डोळा लागत नव्हता. लेकीचं तोंड मी अजून पाहिलं नव्हतं आणि इथं घोंगडं पांघरून मी माशाची खुशामत करत बसलो होतो. येत्या शुक्रवारी काही झालं नाही, तर नोकरी गेली खड्ड्यात, न विचारता निघायचं, असं मी ठरवून टाकलं.

त्या शुक्रवारी मी हिंग दुप्पट घातला. वेळू माझ्या हातात होता. गळ पडला आणि पाण्यात एकदम झुंबड उडाली. बोटभर मासळीनं कणकीभोवती फेर धरला आणि त्यातली एक गळाला लागली. आता ती काढायची कोणी? चपराशी लांब बाभळीखाली पट्ट्याला कुरवाळत बसला होता. मला तिला हात लावायची छाती होईना. मी मान फिरवून, वेळू तसाच धरून ओरडत राहिलो, "अरे, ये लवकर! हे काढ आधी!" ती मासळी गळाला तशीच पाण्यात तडफडत राहिली, तिला गिळायला खालून काहीतरी आलं आणि वेळू एकाएकी कमानीसारखा वाकला.

"छोडो नक्को!" साहेबांनी अत्तराचा रुमाल फेकला आणि माझी कंबर धरली. चपराशानं साहेबांची धरली. छत्री पाण्यात गेली, खुर्ची उलथली, आणि आम्ही तिघं एकावर एक मागं कोसळलो तेव्हा चिखलात हातभर काळीशार मरळ उड्या मारत होती. साहेबांनी अंगातली शेरवानी काढून तिच्यावर टाकली आणि वर स्वतः बसले.

दम खाऊन झाल्यावर त्यांनी त्या शेरवानीच्या खिशातून माझा अर्ज काढला. दर शुक्रवारी ते तो बरोबर आणत होते. त्याच्यावर सही आधीच होती.

"ये मरळ ले के जाओ," ते म्हणाले. "ज़च्चा कू, बाळंतीण कू, इसका शोरबा देते. मेरी बीवी का भी यहीच हाल हुआ था. दीवार कू देखती पड़ी रहती थी. शोरबा पी के उठ के बैठी. खाली हाथ जा के क्या करते तुम? बाजू में बैठ के रोते."

"साहेब, पण आमच्या घरी..."

"मालूम है, नै खाते. दवा में कायका परहेज़?"

"आणि आपण? आपल्याला मरळ...?"

"तौबा!" साहेबांनी नाक मुरडलं. "मेरेकू मछली की बू से मितली आती."

हिंगाच्या हातांनी मी डोळे पुसले, त्यामुळं ते आणखीच झोंबले.

मरळ पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरते. तरी चपराशानं ती कळशीत थोड्या पाण्यात घालून तोंडाला ओलं फडकं बांधून दिलं. ती कळशी मांडीवर घेऊन मी आधी लातूरच्या मोटारीत बसलो आणि तिथून नांदेडच्या. शेजारच्यानं विचारलं, "तूप हाय का पाव्हनं?"

"औषध आहे."

कळशी आतून धाडकन वाजली. "हालतंय की हो औषद!" म्हणत तो मागच्या बाकावर जाऊन बसला.

नांदेडात उतरलो तेव्हा खरा पेच पडला. सासूबाईंचं सोवळं एवढं कडक, की दूधवाल्याची सावलीसुद्धा त्या उंबऱ्याबाहेर ठेवायच्या. त्यांच्या घरात मरळ कुठून नेणार? आणि साहेबांनी उन्हात बसून मिळवलेली चीज मारायची किंवा कोणाला देऊन टाकायची, तेही मनाला पटेना. मी तडक गंगेच्या घाटावर गेलो. गुडघाभर पाण्यात उतरलो, फडकं सोडलं, कळशी तिरकी केली. मरळ बाहेर येईना. मी रडवेला होऊन म्हणालो, "जा गं बाई, जा आता." तेव्हा ती सुळकन गेली. वर बघतो तर घाटावर आंघोळ करणारे एक गृहस्थ हात जोडून, मान खाली घालून उभे होते. मीही त्यांना हात जोडले.

ते सासरेबुवांचे शेजारी होते. मी आंघोळ करून घरी पोचेपर्यंत ओसरीवर माणसं जमली होती. सासूबाईंच्या डोळ्याला पदर होता. सासरेबुवांनी माझे हात हातात घेतले. "जावईबापू, कोण गेलं हो? अस्थी घेऊन एकटेच आलात, आम्हाला कळवलंसुद्धा नाही."

सगळी ओसरी माझ्याकडं बघत होती. "मरळ," मी म्हणालो.

कोणाला काही उमगेना, म्हणून मग पहिल्यापासून सांगावं लागलं. साहेब, वेळू, लिंगायत दुकानदार, घोंगडं, कणीक, सगळं. सासूबाई हळूहळू माझ्यापासून लांब सरकत होत्या. मी हिंगापाशी आलो आणि बाळंतिणीच्या खोलीतून कसलासा आवाज आला. मला वाटलं ती रडतेय.

ती हसत होती. आधी दाबून, मग न दाबता. मग थोरामोठ्यांची भीडभाड सोडून आतून आवाज आला, "अहो, हिंग? माशाला हिंग घातलात?"

"मेथीही घातली," मी दाराशी जाऊन म्हणालो.

"किती?"

"मूठभर."

"कडूजहर झालं असेल ते! आणि कापूस? कणकीत कुणी कापूस घालतं का? दोन महिने मी घरात नाही तर..." ती पुन्हा हसू लागली, लेक जागी होऊन रडू लागली, आणि त्या गोंधळात ती म्हणाली, "आई, मला भूक लागलीय."

सासूबाई सोवळं विसरून माझ्या अंगावरूनच स्वयंपाकघरात धावल्या. मी आत जाऊन माझ्या लेकीचं तोंड पाहिलं. फार रागीट होतं.

बारसं उरकून औशाला परतलो. साहेबांना सांगितलं, "साहेब, मरळीचा गुण आला. उठून बसली, जेवली, मला रागावलीसुद्धा."

"बोला था ना मैं!" साहेब एवढे खूश झाले, की मिसल उलटी धरली. "शोरबा कैसा बना था?"

"आमच्याकडं ते जरा वेगळ्या तऱ्हेनं देतात, साहेब."

"कैसे भी देव, असर होना," साहेब म्हणाले. विलायती काठी त्यांनी साल्याला परत पाठवली. वेळू मात्र कचेरीतच ठेवायला सांगितला. "रहने देव जी. दूसरे बच्चे कू काम आता."