मंगलीला ऐकू येत नाही

मनकर्णाबाई मूळच्या सावली गावच्या. जिवतीच्या डोंगरावर गोंडांच्या पंचवीस घरांच्या वस्तीत एका संस्थेची बालवाडी सांभाळायला आल्या, त्याला सतरा वर्षं झाली. पोरं घरी गोंडी बोलणारी. त्यांना मराठी शिकवण्याची बाईंची एकच रीत होती. पोराला वाक्य कळलं नाही, की तेच आणखी मोठ्यानं म्हणायचं.

यंदाच्या प्रशिक्षणात 'श्रवणकौशल्य' निघालं. बाईंनी गोष्टीतलं वाक्य म्हणायचं, पोरानं ऐकून तेच परत म्हणायचं आणि बाईंनी वहीत खूण करायची. जन्मभर जे केलं त्याला एवढं भारी नाव मिळालं म्हणून बाई हरखल्या. पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत, खुणा होत. सोमारीची साडेचार वर्षांची मंगली तेवढी नुसती ओठ हलवी. तीन महिने वाट पाहून बाईंनी प्रामाणिकपणे लिहिलं: ऐकू येत नाही.

अशा पोरांना चंद्रपूरच्या निवासी शाळेत ठेवतात, असं कुणीतरी सांगितलं, तशी सोमारी बालवाडीत आली. ती हात जोडून म्हणाली, "बाई, लेकीले समदं ऐकू येते. रानात आमी जोरानं बोलत नाई. मोहफुलं वेचताना हळूच हाक मारली, तरी धावत येते."

"माय असंच म्हणते!" बाई म्हणाल्या. "चंद्रपूरले शिकून मोठी होईल. रडतेस काऊन?" हा खासगी सल्ला अख्ख्या वस्तीनं घरबसल्या ऐकला.

जिवतीच्या शिबिरात डॉक्टरांनी मंगलीच्या कानांवर यंत्र लावलं. बारीकातल्या बारीक आवाजालाही तिचं बोट वर झालं. बाईंच्या डाव्या बाजूला बसलेले डॉक्टर त्यांना म्हणाले, "हिचे कान उत्तम आहेत." बाई भिंतीवरचा तक्ता वाचत राहिल्या. डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. मग तेच यंत्र त्यांनी बाईंच्या कानांवर चढवलं. डावा कान जवळजवळ गेलेला, उजवा निम्मा.

"तुम्हाला कधी जाणवलं नाही?"

"मले वाटे, पोरंच हळू बोलून राह्यली."

सोमारीला हसू फुटलं, पदरात मावेना. लेक घरीच राहणार होती.

परतीच्या जीपमध्ये मंगली बाईंच्या मांडीवर, उजव्या कानाशी बसली आणि आपल्या घरच्या हळू आवाजात बोलू लागली. कोल्ह्याची आणि खेकड्याची गोष्ट, अस्सल मराठीत, एक शब्द न गाळता. इतके महिने ती हेच म्हणत होती.

दरसाल वहीत दोघातिघांपुढं त्यांनी 'बोलत नाही' असं लिहिलं होतं. तोच शेरा घेऊन ती पोरं शाळेत गेली, मागच्या रांगेत बसली आणि तिथूनच घरी परतली. दसरू, लच्छू, सुकरी. बाईंना नावं सगळी आठवत होती. आवाज एकाचाही आठवेना.