ऑल्स्टनच्या फाटकातली गुड नाइट

आमच्या ग्रेनाडात, या कॅरिबियन बेटावर, सगळं चालतं, पण नमस्कार न करता तोंड उघडलेलं चालत नाही. सकाळी गुड मॉर्निंग, दुपारी गुड आफ्टरनून, आणि सूर्य बुडाला की कुणी दारात आल्यावर पहिला शब्द गुड नाइट. बसमध्ये न बोलता चढलात तर मागची म्हातारी विचारणारच, "का रे, रात्री माझ्या शेजारी झोपला होतास का, न बोलायला?"

म्हणून परदेशी सफरीच्या बोटीवरचे पाहुणे ऑल्स्टनला कधी रुचले नाहीत. ऑल्स्टन माझा शेजारी. जायफळ, लवंग, दालचिनी, हळकुंडं दोऱ्यात ओवून तो धक्क्याबाहेर माळा विकतो. बोट लागली की माणसांचा लोंढा उतरतो आणि पहिलाच प्रश्न, केवढ्याला? ऑल्स्टन बहिरा झाल्यासारखा माळ ओवत राहतो. असा धंदा करणाऱ्याच्या छपरावर नवा पत्रा कुठून पडणार?

त्याची बायको आयोना वारली तेव्हापासून तिचं लोखंडी पातेलं परसात तीन दगडांवर पालथं पडलेलं. त्यात ऑइल डाऊन व्हायचं. नीरफणस, खारवलेलं मांस, अळूची पानं थरावर थर रचायची, वर नारळाचं दूध, आणि ते आटून तेल तळाला उतरेपर्यंत ढवळायचं नाही. हे एकट्यासाठी कुणी रांधत नाही, आमच्याकडे ती रीतच नाही. त्यामुळे ऑल्स्टन पाव आणि डब्यातल्या माशांवर राहिला. भिंतीला भिंत लागून मी राहते. मीही एकटीच, अमेरिकेत ब्रुकलिनमध्ये परक्या म्हाताऱ्यांना आंघोळी घालण्यात उमेदीची वर्षं घालवून परतलेली. त्यानं कधी बोलावलं नाही, मीही कधी विचारलं नाही.

गेल्या फेब्रुवारीत जगाला वळसा घालणारी मोठी बोट लागली. तिच्यातून ग्वेन नावाची एक पिकल्या केसांची बाई उतरली, ऑल्स्टनसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "गुड मॉर्निंग." म्हणाली आणि उत्तराची वाट पाहत थांबली. ऑल्स्टनच्या हातून सुई पडली. सफरीची हौस तिच्या नवऱ्याची. तिकिटं काढली आणि तो वारला. आता रोज नवं बंदर, आणि रोज रात्री दोन खुर्च्यांच्या टेबलावर ती एकटी. बाकीचे लोक समुद्रावर गेले, ही मात्र ऑल्स्टनच्या खोक्यावर बसून दुपारपर्यंत जायफळं ओवत राहिली.

दुपारी ऑल्स्टन माझ्या दारात आला.

"व्हर्लिन, नारळ आहेत का गं? चार हवेत."

"चार? लग्नबिग्न काढलंस की काय?"

"एक बाई येतेय जेवायला. बोट नऊला सुटते, दिवेलागणीला येते म्हणाली."

"एका बाईला चार नारळ! हत्तीण आहे का ती?"

"पातेलं लहान करता येतं का?" तो म्हणाला, आणि हसला. त्याला हसताना मी किती दिवसांनी पाहत होते!

नारळ दिले. वर खवूनही दिले. खवताना बोट कापलं, तेव्हा शिव्या नारळाला दिल्या. मग दुपारभर तो वास माझ्या खिडकीतून आत येत राहिला. खोटं कशाला बोलू, जळले मी. भिंतीपलीकडची दिसली नाही आणि समुद्रापलीकडची दिसली.

अंधार पडताना दुकानातून पाव घेऊन आमच्या टेकडीच्या पायऱ्या चढत होते, तर वरून ग्वेन उतरताना दिसली. निळा झगा, हातात बोटीवरच्या केकचा डबा, डोळे ओले.

"गुड नाइट," मी म्हणाले. "एवढ्यात जेवण झालं?"

"नाही हो. त्यांनी बहुधा बेत बदलला. मी फाटकात पोचते न पोचते तोच दारातून गुड नाइट म्हणाले, दोनदा. आणि आत निघून गेले. थकले असतील बिचारे. एवढा डबा त्यांना द्याल?"

गुड नाइट म्हणाला, मग परत का फिरायचं? मला काही उमगेना. खालून टॅक्सीवाल्यानं भोंगा वाजवला, ती बसली, गाडी वळणाआड गेली. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ब्रुकलिनमध्ये पहिल्या महिन्यात एका म्हातारीच्या खोलीत शिरताना मी असंच गुड नाइट म्हणाले होते, तर तिनं दिवा मालवला होता. मी गाडीमागे धावले, हाका मारल्या. या वयात कितीशी धावणार?

ऑल्स्टन दोन ताटल्या घेऊन परसात उभा होता. इस्त्रीचा सदरा, केसांना तेल.

"आली होती गं! मी ताटल्या आणायला आत गेलो, तर फाटक रिकामं. काय चुकलं माझं?"

"काही चुकलं नाही. तिच्या देशात गुड नाइट जाताना म्हणतात. निरोपाचा शब्द आहे तो. तिला वाटलं, तू तिला घालवतोयस."

त्यानं ताटल्या कट्ट्यावर ठेवल्या. मग म्हणाला, "मग ये, बस, याला अंधारात काय म्हणतात ते?"

"गुड ईव्हनिंग."

"सूर्य बुडाल्यावर? वेडे आहेत का?" तो हसायला गेला, पण हसू आलं नाही. केकचा डबा त्यानं न उघडता कट्ट्यावर ठेवला. मला बस म्हणाला नाही. मी घरी आले.

पाव तसाच टेबलावर ठेवला. एवढं मोठं पातेलं आणि तो एकटा. शेवटी मनाशी म्हटलं, व्हर्लिन, मान गेला खड्ड्यात. केस विंचरले, मोठं वाडगं पुसलं आणि घेऊन निघाले.

ऑल्स्टन फाटकाकडे पाठ करून समुद्राकडे तोंड करून उभा होता. खाली बोट धक्क्यापासून सुटत होती, सगळे दिवे लागलेले. तो हळूहळू घोकत होता, "गुड ईव्हनिंग... गुड ईव्हनिंग, बाईसाहेब..."

मी फाटकात उभी राहिले. गळा साफ केला आणि आमच्या रीतीप्रमाणे म्हणाले, "गुड नाइट, ऑल्स्टन."

त्यानं मान वळवली नाही. नुसता हात वर केला.

"गुड नाइट, व्हर्लिन," तो म्हणाला. "दार नीट लावून झोप."