विझवलेला राब

सारिका माझ्या ऑफिसातली मैत्रीण. तिच्या आत्याचा पाडा मुलुंडच्या डोंगरामागे. ‘मे महिन्यात काय बघणार तिकडे? वाट लागेल तुझी,’ ती म्हणाली, तरी मी अंधेरीहून निघालेच. जंगल कोण तोडतं ते मला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

रिक्षा सोडल्यावर चढ लागला. वाटेत काळे पडलेले खड्डे, भोवती नुसते बुंधे.

‘कोळशाच्या भट्ट्या,’ सारिका म्हणाली. ‘इथे ऐनाची झाडं होती. बाहेरची माणसं आली, बुडापासून तोडली, कोळसा करून नेला. तुमच्या अंधेरीत तंदुरी कशावर भाजतात गं?’

तंदुरी म्हणजे माझा जीव की प्राण.

आत्यानं नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढली. झकास! हात धुवायला बाहेर आले तर उतारावर धूर, खाली लाल जाळ, जवळ कोणी नाही. वणवा! ओट्यावरचे पाण्याचे हंडे नेऊन मी त्यावर रिकामे केले आणि ऐटीत हाक मारली.

आत्या धावत आली आणि मटकन खाली बसली. ‘अगं बाई, माझा राब विझवलास!’

राब (फांद्या, शेण, पाला पसरून भाताच्या रोपाची जागा भाजतात तो) नीट भाजला नाही तर रोप धरत नाही म्हणे. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

‘दुसरा करता येईल ना?’ मी विचारलं.

‘फांद्या कुठल्या? एकच ऐन राहिलाय. यंदाचा छाटून झाला. परत छाटला तर जगेल का तो?’

‘मग नका ना छाटू, आत्या.’

‘आणि खाऊ काय?’

मी सारिकाकडे पाहिलं. ‘छाटलं की परत फुटतं ना गं?’

‘फुटतं की. पूर्वी डोंगरभर ऐन होते, एक छाटला की बाकीच्यांना विसावा. आता सगळा पाडा त्या एकावरच. मलाही कळत नाही यार, कोणाला बोलायचं ते.’

आत्या कोयता घेऊन ऐनावर चढली. पडलेल्या फांद्या मी ओढत नेल्या. शेवटी झाड अगदी बोडकं झालं.

अंधेरीला पोचले तर कोपऱ्यावर तंदुरीचा वास सुटला होता. आणि मला भूक लागली होती, काय सांगू! घरी नवऱ्यानं विचारलं, ‘मग, कोण तोडतं जंगल?’ हाताच्या ओरखड्यांना हळद लावत बसले. भट्टीवाले, आत्या, तंदुरी, मी. डोक्याचा नुसता भुगा झाला.

आता रोज ऑफिसात गेल्या गेल्या सारिकाला एकच विचारते, ‘ऐन फुटला का गं?’

अजून नाही म्हणते.