बिनआवाजाचा पंखा

शहाद्याच्या गाळ्यातून मी माझा कॉम्प्युटर घरी आणला तो बापूंसाठी. बापू म्हणजे माझे वडील. हिवाळ्यात एकदा ते भर दुपारी घरातून निघाले आणि तीन तासांनी ब्राह्मणपुरीच्या फाट्यावर सापडले, एका पायात चप्पल नव्हती. कुठे चालला होतात विचारलं तर म्हणाले, घरी. बायको शहाद्याला एका दवाखान्यात नर्स आहे, तिची ड्यूटी सकाळी आठला सुरू होते. दिवसभर घरात थांबू शकेल असा माणूस मीच उरलो होतो.

माझं काम घरांच्या एलिव्हेशनचं. इंजिनिअर प्लॅन पाठवतो, मी त्याला खांब, कमानी, काचा, रंग लावून घर उद्या कसं दिसेल ते चित्र करून देतो. तापीकाठच्या गावांत केळीचा भाव बरा लागला की पुढच्या वर्षी मला काम लागतं. चित्र पक्कं करायला कॉम्प्युटर दोन-तीन तास एका दमात राबतो. त्याला आम्ही रेंडर म्हणतो, आणि तेवढा वेळ तो तापतो.

मधल्या खोलीत बापूंची खाट होती. उरलेल्या कोपऱ्यात जेमतेम एक टेबल मावत होतं, म्हणून कॉम्प्युटरचा मोठा कॅबिनेट विकून मी फरसाणाच्या डब्याएवढा छोटा घेतला. त्यात प्रोसेसरसोबत फुकट आलेला पंखा होता, तळहातापेक्षा लहान. रेंडर सुरू झालं की तो असा काही किंचाळायचा की शेजारची वहिनी एकदा मिक्सर कधीपासून चालू आहे ते बघायला आली होती.

मी चिडका माणूस आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. पण त्या आवाजावर मी चिडलो तो माझ्या कानांसाठी नाही. बापू कधी उठतील याचा नेम नव्हता. बाहेरून कुलूप लावून पाहिलं तर त्यांनी दारावर हात आपटून आपटून मनगट सुजवून घेतलं होतं. तेव्हापासून दाराला नुसती आतली कडी. ती वाजली की मी उठायचं, असं ठरलं होतं. माझी पाठ दाराकडे, डोळे पडद्यावर, आणि मध्ये हा किंचाळणारा पंखा. एकदा मी वळून पाहिलं तर बापू उंबऱ्यावर उभे होते. कडी कधी निघाली ते मला कळलंच नव्हतं. त्या दिवसापासून महिनाभर मी सारखा वळून दाराकडे बघत होतो.

म्हणून आवाज न करणारा कूलर शोधायला लागलो. आमच्याकडे कूलर म्हटलं की लोकांना खिडकीतला पाण्याचा आठवतो. तोही घरात होता, पण ओल्या हवेनं बापूंना कफ व्हायचा म्हणून बंद ठेवला होता. मला हवा होता तो प्रोसेसरवर बसणारा, तांब्याच्या नळ्यांचा, पत्र्याच्या पातळ पापुद्र्यांचा.

शांत कूलर पुष्कळ असतात, पण ते उंच असतात. माझ्या डब्यात बोर्डापासून झाकणापर्यंत सत्तर मिलिमीटर जागा होती. सुरतेच्या दुकानदाराला फोन केला तर त्यानं मला आधी डबाच बदलायला सांगितलं. मी म्हणालो, डबा बदलायचा तर बाप कुठे ठेवू? मग जरा नरमून त्यानं सांगितलं ते मात्र कामाचं होतं. लहान पंख्याला तेवढीच हवा फेकायला जोरात फिरावं लागतं, म्हणून तो किंचाळतो. मोठं पातं सावकाश फिरून तेच काम करतं. उंची मिळत नसेल तर रुंदी घ्या, म्हणाला.

तीन कूलर काढले. एक अगदी चपटा, कुठेही बसेल असा, पण त्याचा पंखा जुन्याचाच भाऊ. दुसरा मध्यम, किंमत बरी, पण वापरणाऱ्यांनी लिहिलं होतं की पूर्ण भार पडला की शिट्टी मारतो. तिसरा सदुसष्ट मिलिमीटर, वर बारा सेंटिमीटरचा पंखा. झाकणापर्यंत तीन मिलिमीटर उरत होते. बायकोच्या शिलाईच्या टेपनं मोजलं, मग पोराच्या कंपासपेटीतल्या पट्टीनं मोजलं. दोन्हींत एक मिलिमीटरचा फरक आला आणि मी त्या निर्जीव टेपवरसुद्धा ओरडलो. शिवाय त्याच्या पापुद्र्यांखाली मेमरीच्या पट्ट्या येत होत्या आणि माझ्या पट्ट्यांवर उगाच शोभेचे पत्रे होते, उंच. त्या बदलून बुटक्या घ्याव्या लागल्या.

या सगळ्या शोधात बापू खाटेवरून माझ्याकडे पाहत असत. त्यांनी उभं आयुष्य विहिरीवरच्या मोटारीच्या आवाजावर काढलं होतं. रात्रीच्या बारीला, पिकाला पाणी भरायची पाळी आली की, विहिरीच्या कडेला घोंगडी टाकून झोपायचे; मोटार चालू आहे तोवर गाढ, आणि लाईट जाऊन ती थांबली की ताडकन जागे. माझा पंखा सुरू झाला की त्यांचे डोळे मिटायचे. मध्येच आवाज बदलला की मान न उचलता म्हणायचे, "मोटार हवा ओढी ऱ्हायनी." मला हसू यायचं. ही गंमत मी फोनवर दोघा-तिघांना सांगितली.

रेंडर संपलं आणि पंखा उतरला की ते डोळे उघडायचे. लाईट गेली की उठून बसायचे. एकदा तर उभे राहून भिंतीच्या कोनाड्यात काहीतरी चाचपत होते. मी म्हटलं, गरमीनं होत असेल. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होत होतं आणि मी पंख्यांची उंची मोजत बसलो होतो. त्याचा राग मला अजून येतो.

आणि ते विचारायचे, लाईट आहे का. लाईट शे का? लाईट शे का? दिवसातून वीस-पंचवीस वेळा. पहिल्या पाच वेळा मी नीट उत्तर द्यायचो. मग आवाज चढायचा. कळसाडीच्या एका बंगल्याचं काम अडलं होतं, इंजिनिअरचे फोन येत होते, त्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं आणि मी खुर्ची गर्रकन फिरवून ओरडलो, "शे, शे! कितला डाव सांगू?" ते भिंतीकडे तोंड करून झोपले. बायको संध्याकाळी म्हणाली, पेशंटशी असं बोलत नाहीत. मी म्हणालो, ते पेशंट नाहीत, माझे वडील आहेत. हे उत्तर तेव्हा मला बरोबर वाटलं होतं.

कूलर आला तो मे महिन्यात. सकाळी बोर्ड बाहेर काढला, जुनी पेस्ट पुसली, नवी लावली, मागून चार स्क्रू आडवे-तिडवे आवळले. झाकण लागलं, जेमतेम. मग सेटिंगमध्ये जाऊन पंख्याचा वेग एकाच पातळीला बांधला, कारण सारखा वरखाली होणारा आवाज कानाला जास्त टोचतो. प्रोसेसरचा जोरही थोडा कमी केला. चित्र अर्धा तास उशिरा होईल, होऊ दे. रेंडर लावलं. कान जवळ नेला तेव्हा कुठे हवेची सळसळ कळली. खोलीत छताचा पंखा, भिंतीवरचं घड्याळ, बापूंचा श्वास, सगळं वेगवेगळं ऐकू येत होतं. कडी हलली असती तरी ऐकू आली असती. महिनाभरात पहिल्यांदा मी पाठ खुर्चीला टेकवली. बापू जागे होते, छताकडे बघत होते. त्यांनी काही विचारलं नाही, याचंही मला बरंच वाटलं.

आणि मी खुर्चीत झोपलो. किती रात्रींची झोप राहिली होती.

जाग आली तेव्हा घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं. खाट रिकामी. दार उघडं, कडी नीट खाली सोडलेली. तेव्हा मला आठवलं की हा माणूस चाळीस वर्षं अपरात्री बारी द्यायला निघायचा आणि घरात कुणाची झोप मोडू नये म्हणून कडी दोन बोटांत धरून बिनआवाज काढायचा. मी ज्या कडीचा आवाज ऐकायला एवढं सगळं केलं होतं, ती त्यांनी कधी वाजवलीच नव्हती.

बाहेर गल्ली रिकामी. डांबर चपलेला चिकटत होतं. फाट्याकडे जावं की नदीकडे, काही कळेना. टोपी घ्यायला आत वळलो आणि कोनाड्याकडे लक्ष गेलं. तिथे त्यांचा टेस्टर असायचा, पिवळ्या मुठीचा. तो नव्हता.

मग एका झटक्यात सगळं समजलं. त्यांच्या लेखी मोटार बंद पडली होती. ती मीच बंद पाडली होती, भरपूर विचार करून, सुरतेहून सामान मागवून.

आमच्या विहिरीवरच्या स्टार्टरला ऑटो बसवलेला आहे. लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते, कुणी जायला नको. त्या आठवड्यात शेतीची लाईट अडीचला येत होती. बापूंच्या काळात ऑटो नव्हता. त्यांच्या डोक्यातला स्टार्टर त्यांनी हात लावल्याशिवाय चालू होत नव्हता. लाईट नाही म्हणजे स्टार्टरच्या डब्याच्या आत हात घालायला हरकत नाही, हे ते जन्मभर करत आले होते.

मोटारसायकलला दोन किका लागल्या. शेताच्या बांधापर्यंत रस्ता आहे, पुढे पायी. धावताना मोबाइलमध्ये पाहिलं, दोन चोवीस. आमच्याकडे लाईट कधी पाच मिनिटं उशिरा येते, कधी पाच मिनिटं आधी.

ते बाभळीखाली उभे होते. डोक्याला रुमाल, पाय अनवाणी, लोखंडी डब्याचं झाकण उघडं आणि उजवा हात मनगटापर्यंत आत. डाव्या हातात टेस्टर. मान तिरकी करून काहीतरी शोधत होते, अगदी मन लावून.

माझ्या गळ्याशी ओरडणं आलं. रोज येतं तेच. बापू, काय करताय, कितला डाव सांगू. तोंड उघडलंसुद्धा होतं. पण ते दचकले असते तर हाताला लागेल ते घट्ट धरलं असतं, आणि ते काय असेल हे मला माहीत होतं. मी धावणं थांबवलं. शेवटची वीस पावलं चालत गेलो. इतकी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती, आणि तरी आवाज कुठून कोण जाणे, एकदम थंड निघाला.

"मी मोटारजोडे थांबस. तुम्ही पानी देखाले जा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखीचं काही डोळ्यांत नव्हतं, पण बोलणं कामाचं होतं आणि ते त्यांना पटलं. एकानं स्टार्टरपाशी थांबायचं, दुसऱ्यानं पाण्याच्या तोंडाशी, हे असंच असतं. त्यांनी विचारलं, बारी कोठे शे. मी म्हटलं, केळीमा. त्यांनी हात बाहेर काढला, पायजम्याला पुसला, टेस्टर माझ्या हातात दिला आणि पाइपाच्या कडेकडेनं सावकाश निघून गेले.

मी झाकण लावलं, कडी घातली आणि तिथेच खाली बसलो. ढेकळं भाजत होती. किती वेळ गेला सांगता येत नाही, फार नसावा. डब्यात खटका पडला आणि मोटारीनं पाणी उचललं. लांब पाइपाच्या तोंडाशी बापूंनी हात वर करून हलवला, पाणी आलं म्हणून. मीही हात वर केला.

त्या संध्याकाळी नवा कूलर काढला आणि जुना पंखा परत बसवला. आता कडी ऐकू यायचा प्रश्नच नव्हता, म्हणून टेबल ओढून दाराला आडवं लावलं. बाहेर जायचं तर माझ्या खुर्चीला ढकलूनच जावं लागेल. बायको बापूंच्या तळपायांच्या फोडांना मलम लावत होती. बापू उशीला टेकून बसले होते. मी कॉम्प्युटर सुरू केला, राहिलेलं रेंडर लावलं. पंखा किंचाळायला लागला तसे त्यांचे खांदे सैल पडले.

मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "आज मोटारजोडे जो गडी व्हता, तो कोन शे?"

मी बायकोकडे पाहिलं. ती मलमाची डबी बंद करत होती. मी म्हणालो, नवा शे.

"चांगला शे. मन्हावर वरडना नही." त्यांनी आवाज खाली घेतला, कुणी ऐकू नये असा. "मन्हा पोऱ्या भलता वरडस. या गडीले सोडू नको."

"नही सोडस," मी म्हणालो.