चपलांचे दोन गुण

गेल्या उन्हाळ्यात मला बॅटरीची गाडी घ्यायची हुक्की आली. सहासष्टाव्या वर्षी. मुलगा म्हणाला, "माझ्या नावावर घेऊया की आई." मी म्हटलं, न्हाय. घर यांच्या नावावर, गॅस यांच्या नावावर, विहिरीचं पाणीसुद्धा दिरांच्या नावावर. एक तरी वस्तू माझ्या नावावर पाहिजे, आणि तिला चाकं पाहिजेत. निम्मे पैसे साठवले होते. उरलेल्याचं कर्ज काढायचं ठरवलं.

नात नुकतीच बँकेत लागलेली. तिनं मोबाइलवर माझा क्रेडिट स्कोअर काढायला घेतला आणि हसायलाच लागली.

"आज्जी, तुला स्कोअरच न्हाय. शून्यसुद्धा न्हाय. तू कधी कर्ज काढलं न्हाईस, म्हणजे मशिनच्या लेखी तू अजून जन्मलीच न्हाईस."

"अगं, चाळीस वर्षं वाण्याचं बिल एक तारखेला देते मी!"

"ते मशिनला कुठं ठाऊक?"

माझं तोंड बघून तिनं समजूत घातली. म्हणाली, हे बरंय गं, पैसे वेळेवर फेडतेस का एवढंच बघतात. कुठल्या कुठल्या देशांत म्हणे सरकारच माणसाच्या वागण्याला गुण देतं, खरं किती खोटं किती देव जाणे. "असलं आपल्याकडं आलं तर गं?"

"आलं होतं की," मी म्हटलं. "मीच आणलं होतं."

त्या वेळी मी तिशीतली, गल्लीतल्या बायकांच्या बचत गटाची अध्यक्ष. नाक एवढं वर की पावसात पाणी गेलं असतं. बँकेच्या साहेबांनी सांगितलं होतं, जी बाई दर आठवड्याला पैसे भरते, मीटिंगला येते, तिला कर्ज द्या. त्यांचा पन्नास गुणांचा तक्ता होता. मला तेवढ्यानं भागेना. मी वागणुकीचे आणखी पन्नास जोडले. चपला रांगेत काढल्या तर दोन. डोक्यावर पदर असला तर तीन. मोठ्यानं हसलं तर उणे पाच. सासूशी भांडण गल्लीत ऐकू आलं तर उणे दहा. साठच्या खाली कर्ज नाही. देवळातल्या फळ्यावर दर शनिवारी खडूनं सगळ्यांची बेरीज लिहायची. स्वतःला मी अठ्ठ्याण्णव दिले होते. दोन नम्रतेपोटी कापले.

समोरच्या घरातल्या बाईला चटणीचा डंक घालायचा होता, म्हणजे मिरच्या कुटायचं मशीन. तिचा एक आठवडा चुकला नव्हता. पण ती खदखदून हसायची, चपला कुठंही भिरकावायची, आणि कुस्तीच्या मैदानात जाऊन पुरुषांच्यात शिट्टी वाजवून आली होती. पैशाचे पन्नास, वागणुकीचे उणे नऊ. एकूण एक्केचाळीस.

फळ्यासमोर उभी राहून ती म्हणाली, "पैशाचं पन्नासातलं पन्नास हायत की वैनी!"

"आणि वागणुकीचं काय?"

"वागणुकीनं मिरच्या कुटायच्या हायत व्हय?"

सगळ्या हसल्या. मी सगळ्यांचे पाच-पाच कापले.

तिनं पाटल्या मोडल्या आणि डंक घातला. आज अर्ध्या पेठेची चटणी तिच्याकडं कुटली जाते.

तर गाडीसाठी मी पतसंस्थेत गेले. तिथले साहेब म्हणाले, तुमचा जुना व्यवहार काहीच दिसत नाही, चांगला व्यवहार असलेला एक जामीनदार आणा, तोही घरातला नको. आता गल्लीत चांगला व्यवहार कुणाचा, हे शेंबडं पोरही सांगेल. डंकवालीनं याच पतसंस्थेकडून तीन मशिनांची कर्जं काढून मुदतीआधी फेडलेली.

दोन दिवस मी तिच्या दारावरून नुसती येरझाऱ्या घातल्या. स्कोअरवाल्या यंत्राला माझ्याविषयी काही ठाऊक नव्हतं म्हणून ते नाही म्हणालं. मला तिच्याविषयी सगळं ठाऊक होतं, ती कितीला उठते ते कितीला झोपते तोवर, आणि तरी मी नाही म्हणाले होते. तिसऱ्या दिवशी पाच किलो मिरच्यांचं निमित्त घेऊन गेले. आत पाय टाकताच सात शिंका. त्या शिंकांमध्येच कसंबसं काम सांगितलं.

तिनं मशीन बंद केलं. तोंडावरचा लाल फडका खाली ओढला. माझ्याकडं बघितलं, मग उंबऱ्याकडं.

"वैनी, चपला कशा काढल्यात बघा आधी."

घाबरून आत आलेली मी. एक चप्पल उपडी, दुसरी पार गटारीपाशी.

"दोन गुण गेलं तुमचं," असं म्हणून ती हसली. तेच हसणं, उणे पाचवालं. वरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

"चुकलं माझं तवा," मी म्हटलं. तयारी करून आलेलं लांबलचक बोलणं होतं, त्यातलं एवढंच बाहेर पडलं.

"सही करतो की मी. पण गाडी आली की पयली फेरी कुस्तीच्या मैदानाला. मला मागं बसवून."

तसंच झालं. भर दुपारी दोघी निघालो, ती मागून ओरडतेय, "वैनी, ब्रेक! ब्रेक!", आणि लोक बाजूला होतायत. मैदानात पुरुषांच्यात बसलो. एका पोरानं मोठ्या पैलवानाला चितपट केलं तशी तिनं शिट्टी मारली. मीही दोन बोटं तोंडात घातली. नुसती हवा आली, आणि थोडी थुंकी पुढच्या पावण्याच्या फेट्यावर.

हप्ते वेळेवर जातात. नात म्हणते, थोड्या महिन्यांत स्कोअर येईल. येऊ दे सावकाश. शिट्टीचा सराव रोज गच्चीवर चालू आहे, ती मात्र अजून येत नाही.